प्रभुभोजनाआधीची आत्मपरीक्षा आणि पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

भिंगारकर:

सलाम सर्वांना.

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. त्याआधी पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय वाचतात. माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी, मगच त्या भाकरीतून खावं आणि त्या प्याल्यातून प्यावं. मग ‘आपापली अंतःकरणं तपासू या’ म्हणतात. माना खाली जातात. एवढ्यात पेटीवर पुढच्या गीताचा सूर लागतो आणि परीक्षा संपते. त्यानंतर सगळे मिळून पापांगिकार: विचाराने, शब्दाने, कृतीने आम्ही पाप केलं आहे. खरंच आहे ते. पण कुठला विचार? कोणाला बोललेला कुठला शब्द? हे मनातल्या मनात तरी किती जण उच्चारत असतील? ‘मी महापापी’ म्हणायला काहीच लागत नाही, कारण त्यात कोणाचंच नाव नसतं.

ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ते वाक्य कशासाठी लिहिलं ते जरा वर जाऊन वाचा. करिंथची मंडळी एकत्र जेवायची. ज्यांच्या घरात भरपूर, ते आपलं आपलं आधी उरकून घ्यायचे, काही जण पिऊन तर्र व्हायचे, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते तसेच उपाशी. पौल त्यावर चिडलाय. त्या अध्यायातली परीक्षा म्हणजे डोळे मिटून ‘मी किती वाईट’ असं वाटून घेणं नव्हे. शेजारी बसलेल्याशी तू कसा वागलास, हा तिथला प्रश्न आहे. अध्यायाचा शेवटही तसाच आहे, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा.

हे डोक्यात घोळत होतं तेव्हा पंडिता रमाबाईंची 1907 मधली साक्ष, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो याचं त्यांनी केलेलं कथन, पुन्हा वाचायला घेतली. त्यांचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडात वाँटेजला. पुढच्या आठ वर्षांत काय काय झालं बघा. अमेरिकेचा दौरा, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं इंग्रजी पुस्तक, बॉस्टनला त्यांच्या कामासाठी उभी राहिलेली संस्था, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, त्याच वर्षीच्या काँग्रेस अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून हजेरी. जगभर नाव झालेलं. अशा बाईने 1891 च्या सुमारास स्वतःकडे बघितलं आणि कबूल केलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मला अजून सापडलेला नाही. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं होतं. हा माणूस पाळक होऊन कित्येक वर्षं उपदेश करत होता आणि त्याचं स्वतःचंच मन पालटलेलं नव्हतं. ते वाचून रमाबाई स्वतःपाशी आल्या.

मला यात सगळ्यात मोठं वाटतं ते हे, की तेव्हा त्यांच्यावर तसा कोणी आरोप करत नव्हता. उलट, टीकाकारांच्या लेखी त्या फारच ख्रिस्ती होत्या. गप्प राहिल्या असत्या तर कोणाला कळलंही नसतं.

तुमच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी खरी तयारी होते का? कशी होते? सगळ्या पंथांच्या लोकांनी लिहा.

सोपारेकर:

नमस्कार. मी वसईचा, कॅथलिक.

लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पापनिवेदनाची तयारी दहा आज्ञांवरून करून घ्यायचे. एकेक आज्ञा घ्यायची आणि आपण कुठे मोडली ते आठवायचं. त्या वयात ते ठीक. मोठं झाल्यावरही तीच यादी घेऊन कन्फेशनला गेलं की दर वेळी तेच तेच बाहेर येतं: रागावलो, खोटं बोललो, मिस्सा चुकवली. फादर प्रायश्चित्त सांगतात, आपण घरी.

संत इग्नेशियसने सांगितलेली रोजची परीक्षा मला त्यापेक्षा फार खोल वाटते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. दिवसभरात मिळालेल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, स्वतःकडे नीट बघता यावं म्हणून प्रकाश मागायचा, मग तासातासाने दिवस आठवायचा, चुकलं तिथे क्षमा मागायची, आणि उद्याचा निश्चय करायचा. आभार पहिले, हे महत्त्वाचं. पापाची झडती तिसऱ्या पायरीवर येते, तीही देवाच्या उजेडात. स्वतःच्या उजेडात स्वतःला तपासलं की माणूस एकतर स्वतःला सोडून देतो नाहीतर सोलून काढतो.

हे इग्नेशियसला अनुभवातून कळलं होतं. 1522 मध्ये स्पेनमधल्या मॉन्सेरातला त्याने आयुष्यभराचं पापनिवेदन केलं, तरी पुढे मान्रेसाला असताना समाधान होईना. हे सांगायचं राहिलं, ते नीट सांगितलं नाही, पुन्हा जा, पुन्हा सांग. शेवटी जीव द्यावा असे विचार येऊ लागले. मग त्याला उमगलं की ही टोचणी देवाकडची नाही, आणि जुनी पापं पुन्हा न सांगण्याचा त्याने निर्णय केला. ज्याने जगाला आत्मपरीक्षा शिकवली त्याला ती कुठे थांबवायची हेही शिकावं लागलं.

आबोली:

दोन्ही पोस्ट आवडल्या, पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये नम्रतेचा उपदेश होतो तो कोणाला?

माझी मावशी. नवरा पगार दारूत घालवायचा, हात उचलायचा. ती मंडळीतल्या वडिलांकडे, म्हणजे चर्चच्या एल्डरकडे गेली. त्यांनी प्रार्थना केली आणि म्हणाले, ‘बाई, आधी तुम्ही स्वतःची परीक्षा करा. कुठे तुमची जीभ सैल सुटते का, तुमच्यात नम्रता कमी आहे का ते बघा.’ ती कित्येक वर्षं परीक्षा करत राहिली. दर प्रभुभोजनाला रडायची. आणि तो पुढच्या बाकावर बसून भाकर घ्यायचा. त्याला कोणी परीक्षा करायला सांगितली नाही, कारण तो वर्गणी वेळेवर द्यायचा आणि इमारत फंडाच्या कमिटीवर होता.

म्हणून ‘नम्र व्हा, स्वतःला तपासा’ हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. भिंगारकरांनी करिंथचं उदाहरण दिलं ते बरं झालं. तिथे पौल उपाशी राहिलेल्यांना परीक्षा करा म्हणत नाही, आधी जेवून बसलेल्यांना म्हणतो. आपल्याकडे ते उलटं झालंय.

भिंगारकर:

आबोलीताई, तुमच्या मावशीबद्दल वाचून फार वाईट वाटलं, आणि रागही आला. त्या वडिलांनी जे केलं त्याला पाळकी काळजी म्हणत नाहीत.

तुमच्या मुद्द्याचं उत्तर रमाबाईंच्याच आयुष्यात आहे, ते आधीच लिहायला हवं होतं. बाप्तिस्म्यानंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. 1884 मध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर याने त्यांचं वजन कमी होईल, असं त्यांचं म्हणणं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता, रमाबाई त्यांना ‘आजीबाई’ म्हणायच्या. त्यांच्याशी लांबलचक पत्रव्यवहार झाला. सिस्टरना रमाबाईंमध्ये अहंकार दिसत होता, आज्ञापालन दिसत नव्हतं. रमाबाईंनी 1885 मध्ये जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. देवाने मला सदसद्विवेक दिला आहे. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977 मध्ये छापला आहे. मिळाला तर जरूर वाचा.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवा. 1885 मध्ये वडीलधाऱ्यांनी ‘तू गर्विष्ठ आहेस, नम्र हो’ म्हटलं तेव्हा त्यांनी ते मान्य केलं नाही. सहा वर्षांनी कोणीही न सांगता त्यांनी स्वतःबद्दल जे कबूल केलं ते सिस्टरनी लावलेल्या दोषापेक्षा किती तरी मोठं होतं. पहिला प्रसंग अहंकाराचा आणि दुसरा नम्रतेचा, असं काही जण मांडतात. मला ते पटत नाही. तेव्हा त्या बिशपांपुढे खोटं खोटं वाकल्या असत्या, तर 1891 मध्ये देवापुढे खरं बोलता आलं नसतं. जी बाई दुसऱ्याने हातात दिलेली कबुली वाचायला नकार देते, तिचीच कबुली तिची स्वतःची असते.

तुमच्या मावशीला जे करायला लावलं ती दुसऱ्याने लिहून दिलेली कबुली होती.

इंद्रायणीकाठ:

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, तेवढ्या नात्याने इथे येऊन वाचतो.

एक शंका. रमाबाईंना आठ वर्षांनी वाटलं की ख्रिस्त सापडलाच नव्हता. मग 1883 चा तो बाप्तिस्मा खोटा का? त्यासाठी त्यांनी केवढी किंमत मोजली होती. पुण्यात केवढं काहूर माजलं. ते सगळं त्यांच्याच मते फुकट गेलं, असा त्याचा अर्थ होतो का?

शांतिवन:

इंद्रायणीकाठ, फार चांगला प्रश्न. मी सेवेत आहे, निवृत्तीला आलोय, म्हणून थोडं धीटपणे लिहितो.

रमाबाईंनी बाप्तिस्मा कधी नाकारला नाही. त्या सांगतात ते असं, की शास्त्रं पाहून, विचार करून, पतित स्त्रियांना सन्मानाने सांभाळणारी इंग्लंडातली कामं बघून त्यांना हा धर्म पटला. बुद्धीला पटला आणि त्या प्रामाणिकपणे आत आल्या. पण पापाची क्षमा मिळाली आहे अशी शांती आत नव्हती. बाप्तिस्मा घेतला, चर्चमध्ये आलो, आता आपण चांगले होऊ, ही अपेक्षा फोल ठरली. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती असलेल्यांना तर हे जास्त लागू आहे. आमचा बाप्तिस्मा आम्ही तान्हे असताना झाला. आम्ही आठ वर्षांनीच काय, साठीतही असा प्रश्न विचारत नाही.

जागं होणं एकदाच होतं असं बायबल सांगत नाही. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं बघा. ‘तू ख्रिस्त आहेस’ म्हणणारा तोच, कोंबडा आरवण्याआधी तीनदा नाकारणाराही तोच. मग त्याची आधीची कबुली खोटी का? ती खरी होती, फक्त तिची खोली त्याला ठाऊक नव्हती.

सोपारेकरांच्या मुद्द्याला धरून आणखी एक. त्याच करिंथच्या पत्रात, चौथ्या अध्यायात, पौल म्हणतो की माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. म्हणजे माझी परीक्षा हा शेवटचा निकाल नव्हे. माझं मन निर्मळ वाटतंय म्हणून मी सुटलो नाही, आणि माझं मन मला खातंय म्हणून मी बुडालो नाही. हे विसरलं की आत्मपरीक्षेतून एकतर फुशारकी निघते नाहीतर निराशा. स्तोत्रकर्ताही 139 व्या स्तोत्रात झडती घ्यायचं काम देवावर सोपवतो.

कॅम्प_पुणे:

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. मी ज्या फेलोशिपमध्ये वाढलो तिथे साक्ष फार महत्त्वाची. माईक हातात घेऊन लोक सांगतात, मी असा होतो, दारू प्यायचो, मारामाऱ्या करायचो, प्रभूने सोडवलं. खूप जणांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे आणि त्याने माझ्यासारख्यांना धीर मिळालाय. पण ती साक्ष नेहमी जुन्या पापाची असते. मागच्या आठवड्यातल्या पापाची साक्ष कोणी देत नाही. दहा वर्षांपूर्वीची दारू सांगता येते, कालचा मत्सर सांगता येत नाही.

लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी, आठवा. तो खोटं बोलत नव्हता. आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश, हे तो खरोखर करत होता. फक्त त्याने स्वतःला मोजलं ते मागे उभ्या असलेल्या जकातदाराशी. आपण हा दाखला ऐकतो आणि लगेच मनात येतं, बरं झालं मी त्या परूश्यासारखा नाही. म्हणजे पुन्हा तेच माप.

सुमनआत्या_मिरज:

तुम्हा मुलांचं सगळं वाचलं. माझ्याकडे पुस्तकातलं फार नाही, एक गोष्ट सांगते. नर्सिंगमध्ये आयुष्य गेलं, पण ही गोष्ट सासरच्या गावची आहे, राहुरीकडची.

सासऱ्यांचे थोरले चुलते चर्चमध्ये वडील होते. प्रार्थना अशी करायचे की ऐकणाऱ्याचं मन भरून यावं. ‘प्रभू, मी पाप्यांतला पापी’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि दर नांगरटीला धाकट्या भावाच्या शेताचा बांध थोडा थोडा कोरायचे. नांगराचं एक तास इकडे, पुढच्या साली आणखी एक. भावाला कळत होतं, बोलायची सोय नव्हती. भाऊ मोठा, त्यात मंडळीचा वडील.

एका वर्षी नवीन पाळक आले. त्यांनी मत्तयाचा पाचवा अध्याय घेतला. वेदीजवळ दान आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. त्यावर त्यांनी फारसं काही सांगितलंच नाही. एवढंच म्हणाले की आज प्रभुभोजन पुढच्या रविवारपर्यंत थांबेल, ज्यांना कोणाकडे जायचं असेल त्यांनी जाऊन या. मंडळी चक्रावली. काही जण रागावलेही.

चुलते त्या आठवड्यात भावाकडे गेले आणि म्हणाले, मोजणी आणू, खर्च माझा. मोजणीवाला आला, खुणांचे दगड जुन्या जागी बसले, कोरलेला सगळा पट्टा भावाच्या ओटीत आला. त्यात चुलत्यांचं लिंबाचं एक झाड पण गेलं. ते झाड तोडून घेऊन जा असं भाऊ म्हणाला, यांनी तोडलं नाही.

पुढे त्यांची प्रार्थना लहान झाली असं सासूबाई सांगायच्या. पाप्यांतला पापी हे म्हणणं सुटलं. ‘प्रभू, अमक्या माणसाशी मी असा वागलो, उद्या जाऊन येतो, बळ दे’ अशा प्रार्थना करू लागले.

आबोली, तुझ्या मावशीच्या नवऱ्याच्या दारात कोणीतरी असं जायला हवं होतं गं.

आबोली:

आत्या, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बायबलमधला श्रीमंत जकातदार जक्कय सुद्धा ‘मी पापी’ असं म्हणत नाही ना! तो म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

इंद्रायणीकाठ:

शांतिवन काका, उत्तर पोचलं. सुमनआत्यांची गोष्ट तर कोणत्याही घरात वाचून दाखवावी अशी आहे. बांधाचं भांडण आमच्याकडेही आहे.

शांतिवन:

एक विषय राहिला, आणि तो टाळून हा धागा पुढे गेला तर प्रामाणिकपणा होणार नाही. परीक्षा एकट्यादुकट्याची होते, मंडळीची होत नाही. आपल्यात लग्न जमवताना ‘मूळचे कोण’ हा प्रश्न आजही विचारला जातो. कोणी दबक्या आवाजात, कोणी उघड. एकाच प्याल्यातून पिणारे सोयरीक करताना मात्र बाप्तिस्म्याच्या आधीच्या जातीपर्यंत मागे जातात. लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आठवणींत सोवळंओवळं स्वतःच्या मनात किती काळ चिकटून होतं आणि ते कसं गेलं, हे काहीही न झाकता लिहून ठेवलं आहे. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. त्या मधल्या वर्षांत त्या बाईने आपल्या मनाशी जो झगडा केला, तो मराठी ख्रिस्ती समाजाने शंभर वर्षांत सामूहिकपणे केलेला नाही. मी माझ्या सेवेत या विषयावर बोललो आहे. बोलल्यावर दोन कुटुंबांनी वर्गणी थांबवली होती.

कॅम्प_पुणे:

काका, हे कोणीतरी म्हणायला हवंच होतं. आमच्याकडे ‘आम्ही जात मानत नाही’ म्हणतात, आणि वधूवर ग्रुपवर मात्र वेगळंच चालतं. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जागृती झाली तेव्हा मुली रडून आपापली पापं कबूल करत होत्या, असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. आम्ही त्या प्रसंगाची आठवण काढतो ती अग्नी, आत्म्याची भाषा, यांसाठी. त्यातली पापकबुली आम्ही गाळून टाकतो.

सोपारेकर:

उपवासकाळात आमच्या पॅरिशमध्ये सामूहिक प्रायश्चित्तविधी असतो. तिथे प्रश्न वाचले जातात. यंदा त्यात ‘लग्न जमवताना मी कोणाला कमी लेखलं का’ हा प्रश्न घाला असं फादरना सुचवणार आहे. नोकरमाणसांचाही घालायला सांगतो. घरकामाच्या बाईचा पगार वेळेवर दिला का, वाडीत काम करणाऱ्याला दुपारी सावलीत बसू दिलं का.

भिंगारकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. पंचांच्या पुढच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, प्रभुभोजनाच्या आधीच्या शुक्रवारी तयारीची सभा. आमच्याकडे ती पूर्वी होती, पुढे बंद पडली. तिथे वाचन, मोठी शांतता, आणि ज्यांना कोणाकडे जायचं असेल त्यांना मधला शनिवार मिळेल. दुसरी, रविवारी पापांगिकाराच्या आधी पेटी थांबलेली राहील. पाच मिनिटं तरी.

शांतिवन, तुम्ही अशी सभा घेतली आहे का? लोक येतात का?

शांतिवन:

घेतली आहे. सुरुवातीला म्हातारी माणसं आणि भगिनी मंडळाच्या बाया येतात. पंच येत नाहीत. म्हणून पहिल्या सभेला पंचांनी पुढे बसायचं आणि परीक्षेचे प्रश्न आधी त्यांनाच विचारायचे, असं बैठकीतच ठरवून घ्या. हिशेबाची वही, जागेचे व्यवहार, कोणाच्या घरी आजारपणात गेलो नाही, कोणाची तक्रार ऐकून घेतली नाही. मोठ्याने उत्तर द्यायची सक्ती नको, पण प्रश्न त्यांच्याकडे तोंड करून वाचले जावेत.

आबोली:

आणि एखादी बाई तक्रार घेऊन आली तर तिला कोण भेटणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. दोन स्त्रिया नेमा, पंचांच्या घरातल्या नकोत. भिंगारकर, हे तिसरं म्हणून मांडाल का?

भिंगारकर:

मांडतो. पहिलं म्हणून मांडतो.